पुढेमागे लागले तर

टेबलावर ठेवायचा संगणक सुटे भाग आणून जुळवून घ्यावा असे एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबात ठरले, म्हणजे पहिले काही निर्णय आश्चर्य वाटावे इतक्या सलोख्याने पार पडतात. प्रोसेसर कोणता घ्यावा ह्यावर वाद होत नाही, कारण तो घराच्या ऐपतीने परस्पर ठरवून टाकलेला असतो. कॅबिनेट कोणते घ्यावे हे घरातला सर्वांत लहान सभासद ठरवतो, कारण त्यात रंगीत दिवे लागतात की नाही एवढेच त्याला पाहायचे असते. आणि मॉनिटर किती इंची असावा हा प्रश्न टेबलाची रुंदी, खिडकीवरून येणारी तिरीप आणि गृहिणीची संमती ह्या तिघांच्या मसलतीने निकालात निघतो. राहता राहतो तो रॅमचा प्रश्न. आणि जी वस्तू दोन बोटे रुंद, वीतभरही लांब नाही, जी एकदा बसवल्यावर पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही आणि जिच्यावाचून पडद्यावर एक अक्षर उमटत नाही, तिच्याविषयी मात्र घरातील प्रत्येकाचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे, आणि ज्याचा ह्या व्यवहाराशी सुतराम संबंध नाही अशा जिन्यात गाठ पडलेल्या गृहस्थाचेही मत ठाम असते.

ह्याचे कारण मदरबोर्डाच्या रचनेत आहे. प्रोसेसरसाठी तेथे एकच आसन राखून ठेवलेले असल्यामुळे हौस, काटकसर आणि दूरदृष्टी ह्या तिघींना त्याच्या बाबतीत एकाच वेळी पाझर फुटत नाही. पण रॅमसाठी मात्र एकाशेजारी एक असे चार स्लॉट मांडून कारखानदाराने गिऱ्हाइकाला मुभा दिलेली असते, की त्याने एक भरावा, दोन भरावे किंवा चारही भरावे, त्यांत 8 जीबीची स्टिक घालावी, 16 ची घालावी अथवा 32 ची घालावी. आणि एवढ्याने त्याची करमणूक पुरेशी होत नाही असे वाटून की काय, 2023 सालापासून 24 आणि 48 जीबीच्या स्टिकाही बाजारात आणून ठेवल्या आहेत. माणसाला चार रिकाम्या जागा दाखवाव्या, त्यांतील किती भराव्या हे सर्वस्वी तुझ्या मर्जीवर आहे असे सांगावे आणि स्वस्थ बसावे; त्याच्या स्वभावाचा साग्रसंगीत पंचनामा तो स्वतःच करून देतो. कोणी किती रॅम घेतली ह्यावरून त्याच्या कामाचा अंदाज कधीच बांधता येत नाही. तो भविष्यकाळाकडे कोणत्या नजरेने पाहतो, ह्याचा मात्र बिनचूक बांधता येतो.

वास्तविक ज्या वस्तूत आपण भविष्याची तरतूद पाहतो, त्या वस्तूइतका वर्तमानाला चिकटलेला दुसरा पदार्थ शोधून सापडणार नाही. आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड ह्यांना 1968 साली ज्या कल्पनेचे पेटंट मिळाले, ती एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर अशा दोन वस्तूंच्या बळावर एक बिट साठवण्याची युक्ती होती, आणि आज आपण दुकानातून आणतो त्या प्रत्येक स्टिकेत हीच युक्ती अब्जावधी वेळा गिरवलेली असते. परंतु हा कपॅसिटर पडला गळका. त्यात भरलेला विद्युत्भार डोळ्याचे पाते लवायच्या आत पाझरू लागतो, म्हणून डीडीआर फोर जातीच्या रॅममध्ये दर 64 मिलिसेकंदांच्या आत आणि डीडीआर फाइव्हमध्ये 32 मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक बिटाला तू अमुक होतास ह्याची आठवण करून द्यावी लागते, आणि हा तगादा वीज चालू असेपर्यंत अखंड चालतो. वीज गेली की सारे दप्तर कोरे. जिला स्वतःचीच ओळख सेकंदाला पंधरापंधरा, तीसतीस वेळा पटवून द्यावी लागते, तिच्या खरेदीच्या वेळी आपण पुढच्या दहा वर्षांची सोय झाली पाहिजे असा आग्रह धरतो, ह्याला माणसाचा आशावाद म्हणावा की त्याचा विसराळूपणा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

किती रॅम पुरे, ह्या प्रश्नाचे उत्तर काळानुसार इतके बदललेले आहे, की त्यात पुरे हा शब्द कोणी कोणत्या हिंमतीने वापरला असेल ह्याचे कौतुक वाटते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतः रचलेला टिफ्रॅक हा संगणक 1960 साली कामाला लागला, तेव्हा त्याच्या चुंबकीय कड्यांच्या स्मृतीत 40 बिटांचे 2048 शब्द मावत असत; आजच्या हिशेबाने हे बरोबर 10 किलोबाइट झाले. तेवढ्या पुंजीवर विद्वानांनी गंभीर गणिते सोडवली. आजची 16 जीबीची एक स्टिक म्हणजे 16 लाखांहून अधिक टिफ्रॅकांची एकत्रित स्मृती. आणि ती घरी आणून बसवल्यावर गृहस्थ ब्राउझर उघडतो, त्यात विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, नातवाची शाळा, तीन वर्तमानपत्रे आणि गेल्या गणपतीपासून न मिटलेले मोदकांच्या कृतीचे एक पान अशी दालने एकाशेजारी एक उघडी ठेवतो, आणि संगणक अडखळू लागला की स्मृती कमी पडते अशी फिर्याद करतो. विंडोज 11 चालवण्यासाठी किमान 4 जीबी पाहिजे असे अधिकृत तपशिलात लिहिलेले आहे आणि ते खोटे नाही; तेवढ्यात विंडोज चालते, फक्त मग आपण दुसरे काही चालवू नये अशी तिची अपेक्षा असते.

हा सर्व विचार मला सुचला तो आमच्या शेजाऱ्यांमुळे. पाटबंधारे खात्यात उभी हयात काढून ते सन्मानाने निवृत्त झाले असून, अंदाजपत्रक, पुरवणी अंदाजपत्रक आणि सुधारित अंदाजपत्रक ह्या तीन अवस्थांतून गेल्याशिवाय जगातील कोणतीही गोष्ट खऱ्या अर्थाने सुरू होत नाही, अशी त्यांची अनुभवसिद्ध श्रद्धा आहे. मराठीत पत्रे टंकित करणे, प्राप्तिकराचे विवरण भरणे, सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त तयार करणे आणि रात्री जुनी नाट्यगीते ऐकणे, एवढा त्यांचा संगणकाशी संबंध. 8 जीबीत तो दाटीवाटीने मावतो आणि 16 जीबीत ऐसपैस पसरतो. त्यांचा भाचा ह्याच्या अगदी उलट टोकाचा. त्याच्या मते 32 जीबीच्या खाली संगणक घेणे हा पैशाचा अपव्यय आहे आणि 64 जीबी ही खरी सुरुवात. ह्याला आधार म्हणून तो व्हिडिओ संपादनाचे नाव पुढे करतो, आणि आजवर त्याने घरातल्या एका मुंजीचा व्हिडिओ संपादित केलेला आहे, तोही बटूचे वय लक्षात घेता वेळेवर नव्हे.

काही वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी संगणक घेतला तेव्हा मी त्यांच्याबरोबर लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. ग्रँट रोड स्टेशनापासून चालत निघाले की त्या रस्त्यावर दुतर्फा केबल, पंखे, कीबोर्ड आणि ज्यांचे प्रयोजन विकणाऱ्यालाच ठाऊक अशा वस्तू टांगलेल्या दिसतात. आणि तिथल्या एखाद्या अरुंद दुकानात, काचेच्या काउंटरापलीकडे उभा असलेला तरुण आपल्याकडे न पाहताच आपले अंदाजपत्रक ओळखतो. त्याने प्रोसेसर, बोर्ड आणि एसएसडी कागदावर खरडले आणि पेन थांबवून विचारले, "काका, सोळाची सिंगल देऊ की आठ-आठच्या दोन?"

"आठची एकच द्या," शेजारी म्हणाले.

"मामा, दोन घ्या," भाचा कळवळून म्हणाला. "ड्युअल चॅनेल होईल."

"आत्ता एक पुरते. तीन जागा आहेत ना रिकाम्या? पुढेमागे लागले तर टाकू."

ह्या एका वाक्यात आपल्या समाजाचे अर्धे अर्थशास्त्र साठवलेले आहे. कोणत्याही तालुक्याच्या गावात शिरताना दुतर्फा घरांच्या गच्च्यांकडे नजर टाकावी. प्रत्येक गच्चीवर खांबांच्या डोक्यातून हातहातभर सळया आभाळाकडे रोखलेल्या दिसतात, पावसापाण्याने त्या गंजून लाल झालेल्या असतात, एखादीवर वाळत घातलेला टॉवेल फडफडत असतो, आणि मालकाला विचारले तर तो सांगतो की पुढेमागे वरचा मजला चढवायचा आहे. घर बांधणारा जातो, त्याचा मुलगा निवृत्त होतो, नातू पुण्याला फ्लॅट घेतो. वरचा मजला चढत नाही आणि सळया कापल्याही जात नाहीत. मदरबोर्डावरचे रिकामे स्लॉट ह्या त्याच सळया होत. त्यांत पुढे काही घातले जाते की नाही हा मुद्दा गौण असून, ते रिकामे आहेत ह्या जाणिवेने आज जे समाधान लाभते, ते खरे. म्हणूनच चारांपैकी एकच स्लॉट भरलेला संगणक घरी नेताना शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होते, ते चारही भरून नेणाऱ्याच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलेले नाही.

भाच्याचे म्हणणे मात्र केवळ तारुण्याचा उतावळेपणा नव्हते, हे न्यायाच्या दृष्टीने नमूद केले पाहिजे. घरगुती संगणकाच्या प्रोसेसरातून रॅमकडे जाणारे मार्ग, ज्यांना चॅनेल म्हणतात, ते दोन असतात, आणि चार स्लॉटांपैकी दोन एका मार्गावर व दोन दुसऱ्या मार्गावर वसवलेले असतात. प्रत्येक मार्ग 64 बिट रुंद. डीडीआर फोर 3200 जातीची एक स्टिक एका मार्गाने सेकंदाला 25.6 जीबी माहितीची ने-आण करू शकते, आणि तशाच दोन स्टिका दोन मार्गांवर विभागून बसवल्या तर ही क्षमता 51.2 जीबीवर जाते. एकच स्टिक घेणारा मनुष्य दुसरा मार्ग बांधून तयार असताना तो वाहतुकीस बंद ठेवतो. पत्रे टंकित करणाराला ह्याचा पत्ताही लागत नाही, आणि नाट्यगीताच्या तानेतही त्यामुळे खंड पडत नाही. परंतु ज्या संगणकाला वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते आणि ज्याचा चित्रविभाग प्रोसेसरातच राहून त्याच रॅमवर गुजराण करतो, त्यावर खेळ खेळायला बसले की फरक उघड दिसतो. म्हणून समजा 16 जीबी घ्यायचे आहेत, तर ते 16 च्या एका स्टिकेत न घेता आठ-आठच्या दोहोंत घ्यावे, आणि 32 हवे असतील तर सोळा-सोळाच्या दोहोंत, ही सूज्ञांची शिफारस आहे.

ही शिफारस शिरोधार्य मानणारेही पुढच्या पायरीवर घसरतात. दोन स्टिका हाती आल्यावर त्या लगोलग पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटात बसवाव्या, हे मनुष्याला इतके स्वाभाविक वाटते की त्यासाठी पुस्तिका उघडावी असे त्याच्या मनातही येत नाही; आणि बहुतेक मदरबोर्डांच्या पुस्तिकेत नेमके असे फर्मान असते की प्रोसेसरकडून मोजले असता दुसरा आणि चौथा स्लॉट आधी भरावा. पहिला आणि दुसरा हे बहुधा एकाच मार्गावरचे बिऱ्हाडकरू असल्यामुळे तेथे दोन स्टिका बसवल्या की दाम दोहोंचे जाते आणि रुंदी एकाची मिळते. शिवाय तारा ज्या क्रमाने ओढलेल्या असतात, त्यात मार्गाच्या शेवटचे टोक रिकामे राहिले तर त्यावरून संदेशाचे प्रतिध्वनी परत येतात, म्हणून टोकाचा स्लॉट आधी भरायचा. आपल्याकडे पंगतीत दुसरे आणि चौथे पान मांडून पहिले नि तिसरे मोकळे ठेवले तर यजमानावर रुसवे होतील, त्यामुळे हा नियम आमच्या मंडळींना पचत नाही. दोन स्टिका खेटून बसवलेले संगणक वर्षानुवर्षे सुखेनैव चाललेले असतात आणि त्यांचे मालक संगणक जरा मंद आहे ह्याचा दोष इंटरनेट कंपनीला देत राहतात.

प्रत्येक तरतुदीच्या आयुष्यात तिची परीक्षा पाहणारा दिवस उगवतो, तसा तो शेजाऱ्यांच्या रिकाम्या स्लॉटांच्या आयुष्यातही उगवला. ब्राउझर जड झाला, इतिवृत्त उघडायला वेळ लागू लागला, आणि पुढेमागे ज्याची योजना केली होती ते पुढे अखेर आले. ते जुने बिल घेऊन त्याच दुकानात गेले. स्टिकेवर लाइफटाइम वॉरंटी होती, पण ज्या गुळगुळीत कागदावर ती छापली होती, त्यावरची शाई तीन पावसाळ्यांत पार उडून गेली होती; तरी शेजाऱ्यांनी तो कोरा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेला होता आणि तो त्यांनी दस्तऐवज दाखल करावा तशा गांभीर्याने काउंटरवर ठेवला.

"हीच स्टिक आणखी एक हवी."

"काका, ती बंद झाली. दुसऱ्या कंपनीची आहे."

"चालेल ना?"

"चालायला पाहिजे," तो म्हणाला. आणि चालेल व चालायला पाहिजे ह्यांमधील अंतर ज्याला ठाऊक आहे, त्याला लॅमिंग्टन रोडचा अभ्यास पुरा झाला असे समजायला हरकत नाही.

येथे एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे, की एकाच खोक्यात जोडीने विकल्या जाणाऱ्या स्टिका कारखान्यात एकत्र चालवून तपासलेल्या असतात, तर वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दुकानांतून आणलेल्या दोन स्टिका, नावनंबर तंतोतंत तेच असले तरी, आतील चिपांच्या बाबतीत एकमेकींच्या कोणी लागत असतील असा भरवसा कोणीच देत नाही. त्या एकत्र नांदल्याच, तर दोघींपैकी जी मंद तिच्या गतीने दोघींना चालावे लागते. आठच्या जोडीला सोळाची आणली, तर आठाला आठ जुळवून पहिल्या 16 जीबीपुरता कारभार दुहेरी मार्गाने चालतो आणि उरलेल्या 8 जीबीपुरता एकेरी, असा संमिश्र बंदोबस्तही अनेक बोर्ड निमूटपणे करतात. शेजाऱ्यांनी हे सारे ऐकून घेतले आणि मग काचेखालच्या डीडीआर फाइव्हच्या स्टिकेकडे बोट दाखवून, द्यायचीच तर नवीन जातीची का देत नाही, असे विचारले. दुकानदाराने दोन्ही जातींच्या स्टिका काउंटरवर एकीवर एक धरून दाखवल्या. लांबी तीच, खालच्या कडेला सोनेरी संपर्कपट्ट्या दोहोंना 288. परंतु कडेच्या मध्याजवळ जी खाच असते, ती एकीत जरा अलीकडे आणि दुसरीत जरा पलीकडे, तेवढ्याने एकीच्या स्लॉटात दुसरी बसत नाही.

शेजाऱ्यांनी चष्मा वर सरकवून ती खाच बराच वेळ न्याहाळली.

"कानस मारून थोडी सरकवता येणार नाही?"

पाटबंधारे खात्यात असे अनेक अडथळे दूर झाले असतील; पण ती खाच मुळी हा मोह आवरण्यासाठीच तेथे कोरलेली असते, कारण जुनीला 1.2 व्होल्ट लागतात, नवीला 1.1, आणि आतील व्यवहाराची तर सगळी भाषाच निराळी. डीडीआर फोरचे प्रमाणपत्रक 2012 साली निघाले, डीडीआर फाइव्हचे 2020 साली. म्हणजे आपण पुढेमागे म्हणून ज्या काळाकडे बोट दाखवतो, त्या काळात रिकामी जागा जागच्या जागी राहते आणि तीत बसणारी वस्तूच बाजारातून उठून जाते, किंवा उरली तर चढ्या भावाने उरते. भविष्याची तरतूद म्हणून राखलेली जागा भूतकाळाच्या मापाची असते, ह्याइतकी आमच्या नियोजनशास्त्रावर दुसरी कठोर टीका मी वाचलेली नाही.

अखेरीस दुसऱ्या कंपनीची स्टिक घरी आली. ती बसवताना दोन्ही अंगठ्यांनी इतका दाब द्यावा लागतो की बोर्ड मोडेल अशी भीती वाटते, आणि स्लॉटाच्या टोकाची खिट्टी कट् असा आवाज करून मिटल्याशिवाय स्टिक बसली असे मानायचे नसते. आवाज झाला, बटण दाबले. पडदा काळा, आणि आतून तक्रारवजा बीप. मग कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला मुलगा बोलावण्यात आला. त्याने पुस्तिका मागितली नाही की कोणते यंत्र काढले नाही. शेजाऱ्यांच्या नातवाच्या कंपासपेटीतला खोडरबर मागून घेतला, जुन्या स्टिकेच्या सोनेरी पट्ट्या त्याने दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासल्या, फुंकर मारली, स्टिक पुन्हा दाबून बसवली, आणि संगणक शहाण्यासारखा सुरू झाला. ह्या उपायाला कोणत्याही कारखानदाराची मंजुरी असेल असे वाटत नाही, पण पट्ट्यांवर चढलेला धुळीचा नि ओलाव्याचा थर निघून जातो हे त्यामागचे साधे कारण. तरीसुद्धा हरवलेली स्मृती परत आणण्याचे हत्यार खोडरबर असावे, ही विनोदबुद्धी दुरुस्तीवाल्याची नसून नियतीची आहे.

इकडे भाच्याने स्वतःसाठी नवा संगणक घेतला आणि मामांच्या संप्रदायाला सप्रमाण उत्तर म्हणून चारही स्लॉट भरून टाकले. ह्यापुढे काही टाकायला जागाच उरू नये, हा त्याचा करारी बाणा. परंतु डीडीआर फाइव्हच्या राज्यात चारही जागा भरणे हा पराक्रम समजला जात नाही. एएमडीच्या रायझन 7000 मालिकेच्या अधिकृत तपशिलात दोन स्टिका असताना 5200 हा वेग दिलेला आहे आणि चार असताना 3600, कारण एका मार्गावर दोघींची वर्दळ झाली की संदेश स्वच्छ ठेवण्यासाठी प्रोसेसरला पाऊल आवरते घ्यावे लागते. शिवाय पहिल्या वेळी सुरू करताना असा संगणक प्रत्येक स्टिकेची नाडी तपासत कित्येक मिनिटे काळा पडदा दाखवून बसतो, आणि त्या अवधीत घरातील माणसांचा यंत्रावरचा, मुलावरचा आणि दुकानदारावरचा विश्वास ह्याच क्रमाने उडत जातो. भाचा तेवढा वेळ नखे खात उभा होता, आणि त्याची आई देवापुढचे निरांजन ह्या संगणकासमोर फिरवावे की काय, असा विचार बोलून दाखवत होती.

खोक्यावरच्या आकड्यांचे प्रकरण ह्याहून नाजूक. भाच्याच्या स्टिकांवर 6000 आणि त्याखाली सीएल 30 असे छापलेले होते. मामांच्या जुन्या स्टिकेवर 3200 आणि सीएल 16. पहिला आकडा सेकंदाला किती दशलक्ष वेळा देवाणघेवाण होते ते सांगतो, दुसरा हुकूम मिळाल्यापासून पहिले उत्तर येईपर्यंत किती ठोके वाट पाहावी लागते ते. आणि कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला तर दोन्ही स्टिकांत ही प्रतीक्षा बरोबर 10 नॅनोसेकंदांची निघते. नव्या स्टिकेतून माहितीचा लोंढा मोठा वाहतो हे खरे, पण पहिला थेंब हाती पडायला लागणारा वेळ पिढी बदलली तरी होता तेवढाच राहिला. हे मी भाच्याला दाखवले तेव्हा त्याने ते मान्य केले नाही. 6000 हा आकडा 3200 पेक्षा मोठा आहे, ह्या मुद्द्यावर तो ठाम राहिला, आणि त्या मुद्द्यापुरते त्याचे बरोबरच होते. त्यातही गंमत अशी, की खोक्यावरचा हा वेग आपोआप लागू होत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो ह्या नावाची तरतूद हाताने चालू करेपर्यंत अशी स्टिक बहुधा 4800 च्या पायाभूत वेगानेच काम करत राहते. वेगाला मंजुरी आहे, त्याची किंमत वसूल झालेली आहे, फक्त अंमलबजावणी नाही. ही अवस्था ऐकून शेजाऱ्यांना प्रथमच संगणकाविषयी खरी आपुलकी वाटली.

ह्या दोन संप्रदायांतील तंटा युक्तिवादाने मिटला नसता. तो बाजाराने मिटवला, आणि नेहमीप्रमाणे चुकीच्या बाजूने मिटवला. जगात रॅमच्या चिपा मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या मुख्यतः तीन, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. आणि 2025 च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड केंद्रे उभारणाऱ्यांनी ह्या तिघींकडे अशी मागणी नोंदवली की घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याला येणारा माल आटला आणि कित्येक स्टिकांचे भाव थोड्या महिन्यांत दुपटीच्याही वर गेले. मायक्रॉनने तर क्रूशियल ह्या नावाने किरकोळ गिऱ्हाइकांना रॅम विकण्याचा धंदा बंद करत असल्याचे डिसेंबर 2025 मध्ये जाहीर करून टाकले. यंत्राला विचार करता यावा म्हणून माणसाच्या टेबलावरची स्मृती महाग झाली. आणि ज्याने गरजेच्या चौपट रॅम निव्वळ हौसेपोटी घेऊन ठेवली होती, तो भाचा एका रात्रीत दूरदर्शी ठरला, तर जन्मभर सुधारित अंदाजपत्रके मांडणाऱ्या मामांचे लागेल तेव्हा टाकू हे धोरण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत खर्चिक वाक्य ठरले. उधळेपणाला काटकसरीचे प्रशस्तिपत्र मिळावे आणि काटकसरीवर उधळपट्टीचा ठपका यावा, हा न्याय पाहून मामा काही दिवस अबोल होते. भाच्याने मात्र आपण हे आधीच ओळखले होते असे सांगायला सुरुवात केली, आणि आता तो घरात शेअरबाजारावरही बोलतो.

मला स्वतःला विचाराल, तर गृहस्थाने आपल्या कामाला लागेल तेवढीच रॅम आजच घ्यावी, ती एका खोक्यातल्या दोन सारख्या स्टिकांत घ्यावी, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात बसवावी, बायोसमधली ती तरतूद चालू करावी, कॅबिनेटचे झाकण लावावे, आणि उरलेल्या दोन जागांचा विषय कुटुंबात पुन्हा निघू देऊ नये. हा सल्ला निर्दोष आहे, आणि म्हणूनच तो कोणी मानत नाही. खरे तर दोनच स्लॉट असलेले मदरबोर्डही बाजारात मिळतात, आणि ते कोण घेते हे पाहिले तर सगळा उलगडा होतो. अगदी स्वस्त बोर्डावर दोनच स्लॉट असतात, कारण तो घेणाऱ्याला दोन पैसे वाचवायचे असतात. आणि वेगाचे विक्रम करू पाहणाऱ्यांसाठी बनवलेल्या अतिशय महागड्या बोर्डांवरही दोनच असतात, कारण जास्तीच्या स्लॉटांच्या तारा वेगाला आडव्या येतात. गरिबाला चार स्लॉट परवडत नाहीत आणि रसिकाला ते खपत नाहीत. चार स्लॉट काढले आहेत ते मधल्या माणसासाठी, म्हणजे तुमच्याआमच्यासाठी. त्यांतले दोन आपण रॅमसाठी घेतो आणि दोन आशेसाठी, आणि त्या आशेवर 18 टक्के जीएसटी भरताना पक्के बिल मागायलाही विसरत नाही.